सीट पिलरची गोष्ट

इंग्लंडात १८७०च्या दशकात सायकल घ्यायची तर आधी पाय मोजावे लागत. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे छातीपर्यंत येणारं भलं मोठं चाक, आणि मागे शेपटासारखं एक छोटं. चेन नाही, गिअर नाही. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. चाक जितकं मोठं, तितकं पेडलच्या एका फेरीत अंतर जास्त कापलं जाई. मग चाक किती मोठं घ्यायचं? पाय पोचेल तेवढं. उंच माणूस साठ इंची चाक घ्यायचा, बुटका अठ्ठेचाळीस इंची. पेडल थोडं इकडेतिकडे सरकवता यायचं, पण फरक पडायचा तो बोटभर. भावाची सायकल भावाला चालेलच याची खात्री नव्हती.

अशाच एका पन्नास इंची चाकाच्या सायकलवर थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६मध्ये लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत आला. त्या सायकलवर तो बसत होता तिथे आज आपण ज्याला ‘सीट पिलर’ म्हणतो ती वस्तूच नव्हती. कण्यासारख्या वाकलेल्या लोखंडी नळीवर एक पट्टीची स्प्रिंग, आणि तिच्यावर सीट. वर-खाली करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सायकलच मुळात त्याच्या मापाची होती.

आज कोणी कार्बनचा सीट पिलर घ्यायचा विचार करतो, तेव्हा तो वजनाचे ग्रॅम मोजत असतो. पण सीट आणि फ्रेम यांच्यामधल्या या वीतभर नळीवर गेली दीडशे वर्षं तीन गोष्टींचं भांडण चालू आहे: आपल्या मापाला बसणं, धक्के कमी करणं आणि वजन कमी करणं. यातल्या दोन मिळाल्या की तिसरी रुसते. कार्बनने हे भांडण मिटवायचं आश्वासन दिलं. बदल्यात काय मागितलं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

पाय आणि चाकाची फारकत

१८८५ साली कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. जवळपास सारख्या उंचीची दोन चाकं, मधे पेडल, आणि पेडलपासून मागच्या चाकापर्यंत चेन. वेग आता चाकाच्या उंचीवर नाही, दात्यांच्या हिशोबावर ठरू लागला. पायाची लांबी आणि चाकाचा आकार यांची फारकत झाली. माणूस उंच असो की बुटका, चाक तेच. फक्त सीट वर-खाली झाली पाहिजे. ते काम ज्या नळीने अंगावर घेतलं ती म्हणजे सीट पिलर. फ्रेमच्या नळीत सरकणारी दुसरी नळी आणि ती जागेवर धरून ठेवणारा एक बोल्ट. कल्पना इतकी साधी की तिच्या शोधाचं श्रेय घ्यायला कोणी भांडलं नाही. पण तिच्यामुळे एक सायकल घरातल्या चार माणसांची होऊ शकली.

धक्क्यांचा बंदोबस्त मात्र वेगळ्या वाटेने झाला. १८६०च्या दशकातल्या पॅरिसच्या मिशो सायकलीला लोखंडी पट्ट्यांची चाकं होती. दगडी रस्त्यावर ती इतकी आदळायची की इंग्रजांनी तिला ‘हाडं खिळखिळी करणारी’ असं नावच दिलं. तिच्या सीटखाली टांग्याला असते तशी लांबच लांब पाटा-स्प्रिंग होती. १८८२मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रूक्सने चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं. ताणून बसवलेलं चामडं झोळीसारखं दबायचं. मग १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने हवेचा टायर आणला आणि धक्के खायचं बरंचसं काम सीटखालून चाकात गेलं. पिलरकडे उरली फक्त उंची. तो एक ताठ, मुका लोखंडी पाईप झाला आणि पुढची पाऊणशे वर्षं तसाच राहिला.

आपल्याकडे हाच पाईप घरोघरी पोचला. काळी, दणकट सायकल, स्प्रिंगांची रुंद सीट आणि तिच्याखाली वरच्या टोकाला निमुळता झालेला पोलादी पिलर. तो पूर्ण खाली केला तरी लहान मुलांचे पाय पोचत नसत, म्हणून आपल्या आधीच्या दोन पिढ्या फ्रेमच्या मधून पाय घालून, तिरकं लटकत, ‘हाफ पायडल’ करत सायकल शिकल्या. पण पिलर मोडला म्हणून कोणी पडल्याचं क्वचितच ऐकू यायचं. तो गंजायचा, वाकायचा, फ्रेममध्ये अडकून बसायचा. गॅरेजवाला वरून रॉकेल सोडायचा, हातोडीने ठोकायचा, पान्याने पिळायचा, आणि तो निघायचा.

१९२३च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांच्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं पृथ्वीला फेरी घालून १९२८मध्ये परत आले. इराणचं वाळवंट असो की युरोपातलं खेडं, लोखंड तापवून सरळ करणारा लोहार बहुतेक ठिकाणी मिळतो. पोलादाचा खरा गुण ताकदीपेक्षा हा आहे: ते आधी वाकतं, मग तुटतं. म्हणजे तुटण्याआधी सांगतं.

०.२ मिलिमीटरची शिस्त

शर्यतीच्या सायकली हलक्या होत गेल्या तशी या मुक्या पाईपलाही शिस्त लागली. १८९७मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. फ्रेमच्या नळ्या पातळ झाल्या, आणि आत सरकणाऱ्या पिलरचं माप काटेकोर झालं. शर्यतीच्या पोलादी फ्रेमची सीटची नळी बाहेरून सव्वा इंचाहून थोडी कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटर. भिंतीची जाडी वजा करा, सरकायला केसभर जागा सोडा, की पिलरचं माप उरतं २७.२ मिलिमीटर. आजही दुकानात हा आकडा ऐकू येतो, तो या वजाबाकीतून आलेला आहे. २७.० घेतला तर तो हळूहळू खाली सरकतो, २७.४ आत जातच नाही.

१९५०च्या दशकात इटलीच्या कंपान्योलोने पिलरच्या डोक्यावरच सीट पकडणारा क्लॅम्प बसवला आणि सीटचं नाक थोडं वर, थोडं खाली असं बारकाईने लावता येऊ लागलं. नंतर पोलादाची जागा ॲल्युमिनियमने घेतली. वजन उतरलं, पण पिलर अजूनही ताठच होता.

स्वेटरचा धागा आणि कोंबडीची परीक्षा

दरम्यान सायकलशी काही संबंध नसलेल्या एका ठिकाणी वेगळंच काहीतरी शिजत होतं. इंग्लंडातल्या फार्नबरो इथे विमानविद्येची सरकारी संशोधन संस्था होती. १९६०च्या दशकात तिथे विल्यम वॉट आणि त्याचे सहकारी एक कृत्रिम धागा भट्टीत भाजत होते. हा धागा पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा, म्हणजे ज्या ॲक्रिलिक लोकरीचे स्वेटर विणतात तिच्याच जातीचा. आधी दोन-तीनशे अंशांवर हवेत, ताणून धरून; मग हवा काढून हजाराहून जास्त अंशांवर. बाकीची मूलद्रव्यं उडून जातात आणि मागे राहतो जवळजवळ निव्वळ कार्बनचा तंतू, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक. जपानमध्ये ओसाकाच्या अकिओ शिंदोने याच धाग्यावर काम आधीच सुरू केलं होतं. त्याच्याही आधी, १९५८मध्ये, अमेरिकेत रॉजर बेकनने अतिशय मजबूत कार्बन तंतू प्रयोगशाळेत पाहिले होते. फार्नबरोच्या लोकांनी धागा घेतला तो कोर्टोल्ड्स या कंपनीचा. तिचा मोठा कारखाना कोव्हेंट्रीत होता, रोव्हर सायकलच्याच गावात.

नव्या पदार्थावर रोल्स-रॉइसने मोठा डाव लावला. आरबी२११ या विमानाच्या इंजिनाची पुढची पाती त्यांनी कार्बनची करायला घेतली. हलकी, ताठ, कागदावर अप्रतिम. आकाशात इंजिनात पक्षी शिरतो, म्हणून परीक्षेत फिरत्या पात्यांवर मेलेली कोंबडी झाडली जाते. १९७०मध्ये कार्बनच्या पात्यांवर ती झाडली गेली आणि पाती फुटली. पुन्हा टायटेनियमकडे वळावं लागलं. या इंजिनाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली.

कोंबडीची ही गोष्ट सायकलवाल्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने ओढा, तो पोलादाला भारी पडतो. पण आडवा घाव घाला, एका बिंदूवर दाबा, कडेने चिमटा, तर त्याला धरून ठेवणारी राळच तेवढी आधाराला असते. पोलाद सगळ्या दिशांना सारखं असतं. कार्बनची ताकद मात्र तंतू ज्या दिशेने मांडला तिकडेच, म्हणजे कारागिराने ठरवली तितकीच.

नळी लांब झाली

विमानाने तात्पुरता नाकारलेला हा पदार्थ आधी खेळाकडे वळला. जपानच्या तोरे कंपनीने १९७१पासून कार्बन तंतू बाजारात आणला आणि काही काळातच मासेमारीच्या काठ्या आणि गोल्फच्या दांड्या त्यापासून बनू लागल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यात एक्सॉन या तेल कंपनीने कार्बन नळ्यांची सायकल काढून पाहिली. १९८६मध्ये ग्रेग लेमाँडने लुक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या केस्ट्रलने नळ्या न जोडता साच्यातून घडवलेली अखंड कार्बन फ्रेम दाखवली. १९९२मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये क्रिस बोर्डमन काळ्या, माशासारख्या लोटस सायकलवर सुवर्णपदक घेऊन गेला.

त्या लोटसमागचं डोकं माइक बरोज नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं होतं, आणि सीट पिलरच्या गोष्टीतही तोच महत्त्वाचा. नव्वदीच्या दशकात तो तैवानच्या जायंट कंपनीत गेला. त्याला प्रश्न पडला होता की एकाच सायकलच्या आठ-दहा मापांच्या फ्रेम का बनवायच्या? त्याने फ्रेमची वरची नळी मागे उतरती केली. फ्रेम लहान, हलकी आणि ताठ झाली. मापं उरली तीन. बाकीचा फरक कोणी भरून काढायचा? लांब सीट पिलरने. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘टीसीआर’ सायकलीवर हा उतार दिसला, आणि काही वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी तो उचलला.

कारखान्याची सोय म्हणून झालेल्या या बदलाने पिलरला शंभर वर्षांनी पुन्हा बोलतं केलं. पूर्वी तो फ्रेमबाहेर चार बोटं दिसायचा. आता वीतभर दिसू लागला. पिलर जमिनीशी काटकोनात नसतो, साधारण ७३ अंशांत मागे कललेला असतो. म्हणून खड्ड्याचा धक्का त्याला नुसता दाबत नाही, मागे वाकवतोही. आणि एका टोकाला पकडलेली काठी किती वाकेल, ते तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. बाहेरची लांबी २० सेंटिमीटरची २५ केली, तर त्याच जोराला पिलर जवळजवळ दुप्पट वाकतो. व्यासाचंही तसंच: भिंतीची जाडी सारखी धरली, तर ३१.६ मिलिमीटरचा पिलर २७.२च्या पिलरपेक्षा सुमारे दीडपट ताठ असतो. शर्यतीच्या जुन्या फ्रेममधून वजाबाकीने आलेला २७.२चा आकडा आज आरामाचा आकडा म्हणून पुन्हा मागितला जातो, त्याचं कारण हे.

कार्बन इथेच कामाला येतो. थर कोणत्या कोनात मांडायचे हे ठरवता येतं, म्हणून डावीउजवीकडे ताठ पण पुढेमागे लवणारी नळी बनवता येते. २०१०च्या दशकात जर्मनीतल्या कोब्लेंझ गावच्या कॅन्यन आणि एर्गॉन या कंपन्यांनी पिलर मधोमध उभा चिरला. कार्बनच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी, एकमेकींवर सरकत वाकणाऱ्या, वर सीट. म्हणजे काय? मिशोच्या सायकलीची पाटा-स्प्रिंग दीडशे वर्षांनी काळा कोट घालून परत आली.

जुन्या चुकाही परत आल्या. २०००च्या दशकाच्या मध्यात काही महागड्या फ्रेमना पिलरच नव्हता. सीटची नळीच वरपर्यंत वाढवलेली, आणि मालकाच्या पायाच्या मापाने ती करवतीने कापायची. हलकी आणि देखणी. पण एकदा कापली की ती सायकल त्या एका माणसाची. विकायला काढली की घेणाऱ्याचे पाय तेवढेच लांब हवेत. पन्नास इंची चाकाचं दुखणं नव्या रूपात. काही वर्षांत ही फॅशन ओसरली.

निवड

आपल्याकडे पुणे, नाशिक, नागपूरच्या दुकानांत कार्बन दिसू लागला तो मुख्यतः लांब पल्ल्याच्या वेडामुळे. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली; २०१७मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, पुणे ते गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’, हे शब्द ऑफिसच्या डब्यावर ऐकू येऊ लागले. अशा राइडमध्ये दहाव्या तासानंतर पाय नाही, बूड बोलतं. तिथून माणूस कार्बनच्या पिलरकडे वळतो.

घेण्याआधी स्वतःला विचारा: मला तीनपैकी काय हवंय?

वजन हवं असेल, तर हिशोब साधा आहे. बरा ॲल्युमिनियमचा पिलर अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, बरा कार्बनचा दोनशेच्या आसपास. वाचतात शंभरेक ग्रॅम, म्हणजे बाटलीतलं अर्धा कप पाणी. त्यासाठी दहा हजार रुपये खर्च करायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. सव्वाशे ग्रॅमचेही पिलर मिळतात, पण त्यांच्यावर चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा छापलेली असू शकते. ती वाचावी, आणि स्वतःचं वजन खरं सांगावं.

आराम हवा असेल, तर पिलरच्या आधी टायर बघा. डनलॉपने १८८८मध्ये सांगितलेलं अजूनही खरं आहे. २५ मिलिमीटरच्या टायरऐवजी २८ किंवा ३२ मिलिमीटरचा, आणि हवा थोडी कमी, याने जो फरक पडतो तो स्वस्तात पडतो. एवढं करूनही रस्त्याची बारीक थरथर सतावत असेल, तर मग पिलर. तेव्हा नुसता ‘कार्बन’ हा शब्द बघू नका, कारण जाड, ताठ कार्बन पिलर ॲल्युमिनियमइतकाच आदळतो. लवचीकपणासाठीच बनवलेला पिलर शोधा. आणि तुमच्या फ्रेममधून तो किती बाहेर दिसतो ते मोजा. फ्रेम मोठी आणि पिलर बाहेर आठच सेंटिमीटर असेल, तर कितीही महाग पिलर लवणार नाही. लांबीच्या घनाला लाच देता येत नाही. मोठा खड्डा आणि आंधळा स्पीडब्रेकर यांच्यावर पिलर हा इलाजच नाही. तिथे सीटवरून उठायचं असतं.

मापाला बसणं हवं असेल, तर ॲल्युमिनियमला नमस्कार करा. रोज घरातली दोन माणसं सायकल वापरतात, सीट सारखी वर-खाली होते, पिलरला पकडणारं कॅरिअर किंवा मुलाची सीट लावायची आहे, अशा सायकलीवर कार्बन नको. सतत सरकवणं म्हणजे सतत ओरखडे, आणि आडवी पकड म्हणजे नको त्या दिशेचा दाब.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. बाजारात अतिशय स्वस्त, नावगाव नसलेले किंवा मोठ्या नावाचं खोटं स्टिकर लावलेले कार्बन पिलर येतात. सायकलच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यात पिलरवर हजारो वेळा भार टाकून तो टिकतो का ते बघतात. बाहेरून दिसणारी काळी वीण ही फक्त वरची कातडी. आत थर किती, कोन कोणते, राळ नीट मुरली की बुडबुडे राहिले, हे फोटोत दिसत नाही. लोखंडी पाईप खोटा निघाला तर वाकतो. हा खोटा निघाला तर मोडतो, आणि मोडलेली धार तुमच्या मांडीखाली असते. इथे बचत नको. त्या पैशात चांगला ॲल्युमिनियमचा पिलर येतो.

सहवास

घेतल्यावरचं काम थोडं आहे, पण सवयीच्या उलट आहे.

सायकलच्या नळीत काही घालायचं तर आधी ग्रीस लावायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं. कार्बनला ग्रीस लावलं तर तो सरकतो, सरकतो म्हणून आपण बोल्ट जास्त पिळतो, आणि जास्त पिळला की आतले थर चिरडतात. त्याला लागते बारीक प्लास्टिकच्या कणांची खरखरीत पेस्ट. कण पकड वाढवतात, म्हणून कमी दाबात काम भागतं.

बोल्ट किती पिळायचा ते क्लॅम्पवर लिहिलेलं असतं, बहुधा चार ते सहा न्यूटन मीटर. पाच न्यूटन मीटर म्हणजे वीतभर, वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला अडीच किलोची पिशवी टांगली तर जेवढा जोर लागेल तेवढा. हातात तो फारच कमी वाटतो. ‘अजून थोडं’ म्हणणारा हात लोखंडावर तयार झालेला असतो, म्हणून टॉर्क रेंच विकत घ्या, नाहीतर ज्याच्याकडे तो आहे अशा मिस्त्रीकडे जा. लहानपणापासून ओळखीचा, अंदाजाने काम करणारा मिस्त्री असेल तर जोराचा आकडा त्याला आधी सांगा. त्याला राग येणार नाही. माप विचारणारं गिऱ्हाईक त्यालाही हवंच असतं.

पिलरवर ‘इथपर्यंत आत’ अशी खूण असते. ती दिसली नाही पाहिजे. त्याहून बरं म्हणजे पिलरचं आतलं टोक फ्रेमच्या वरच्या नळीच्या सांध्याखाली गेलेलं असावं. बसवण्याआधी फ्रेमच्या नळीत बोट फिरवून बघा. एखादी धारदार कड लागली तर ती आधी घासून घ्या. तीच कड रोज त्याच जागी पिलरला चावत राहते.

आता पावसाळा. कार्बन गंजत नाही हे खरं, पण तो वीज वाहतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनचा पिलर आणि मधे खारट पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. तिच्यात झिजतं ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी फुगते आणि पिलर असा अडकतो की जुना पोलादी पिलर बरा वाटावा. कारण इथे रॉकेल आणि हातोडी चालत नाही. बहुधा पिलर कापूनच काढावा लागतो. मुंबईची, कोकणाची, गोव्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराचा घाम हे सगळं या बॅटरीला खाद्य. उपाय एकच: पावसाळ्याआधी एकदा, मधे एकदा आणि नंतर एकदा पिलर बाहेर काढायचा, दोन्ही भाग पुसायचे, नवी पेस्ट लावायची. काढण्याआधी चिकटपट्टीने उंची खूण करून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

तेव्हाच त्याच्याकडे नीट बघून घ्या. क्लॅम्पच्या रेषेवर तडा, फुगवटा, पांढुरका डाग आहे का? नाण्याने टकटक करत जा. सगळीकडे खणखणीत वाजतंय आणि एका जागी बद्द, तर आत थर सुटल्याची शंका घ्यावी. सीटखाली पिशवी बांधत असाल तर पट्ट्याखाली संरक्षक फिल्म लावा. पट्टा मऊ असतो, पण त्याच्याखाली अडकलेली धूळ पॉलिशपेपरसारखी घासते. मोठी पडझड झाली, सीटवर थेट आपटलं, तर पिलर दिसायला धड असला तरी माहितगाराला दाखवल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

२०२१च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या ‘ल सामीं’ शर्यतीत माथ्यू व्हान डर पूल या जगातल्या अव्वल सायकलपटूच्या हातात कार्बनच्या हँडलचा तुकडा आला. कंपनीने त्या मॉडेलच्या मालकांना सायकल थांबवायला सांगितलं. उत्तम कारखाना, उत्तम मिस्त्री, उत्तम स्वार, आणि तरीही. याचा अर्थ कार्बन वाईट असा नाही. ॲल्युमिनियमही थकतं, पोलादही आतून गंजून कधीतरी दगा देतं. फरक हा की पोलाद कुरकुरतं, वाकतं, गंजाचे डाग दाखवतं. कार्बन बहुतेक वेळा गप्प असतो.

स्टीव्हन्सच्या सायकलीला पिलर नव्हता, पण प्रत्येक खड्डा त्याला स्वच्छ सांगत होता की चाक, कणा, स्प्रिंग कुठे काय झालं. मुंबईच्या त्या तिघांना ते लोखंडाच्या आवाजावरून कळत असणार. आपण घेतलेली वस्तू त्या दोन्हींपेक्षा हलकी आहे, मऊ आहे, आणि तिची तक्रार ती स्वतः करत नाही. ती आपण जाऊन विचारावी लागते, वर्षातून तीनदा, पाना आणि नाणं घेऊन.